एकाच अक्षरवळणाचा अभ्यास

छपाईच्या शोभेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास आज सामग्रीची वाण नाहीं. संगणक उघडला कीं रोमन व देवनागरी लिपींचीं शेंकडों अक्षरवळणें त्याच्यापुढें हात जोडून उभीं राहतात, आणि बोटाच्या एका दाबासरशीं एकाच मजकुराचा पेहराव दहा वेळां बदलून पाहतां येतो. पूर्वीच्या छापखानेवाल्यास दोनचार जातींचे खिळे पदरीं असले तरी धन्यता वाटे. अशा या सुबत्तेंत रचनाकलेच्या शाळेंतील शिक्षक जेव्हां सांगतात कीं, 'एक महिनाभर एकच वळण घ्या, दुसऱ्या कशालाही हात लावूं नका', तेव्हां पंचपक्वान्नांनीं भरलेल्या ताटावर बसवून नुसत्या वरणभातावर राहावयास सांगितल्यासारखें त्या विद्यार्थ्यास वाटतें. घरचीं वडील माणसेंही बुचकळ्यांत पडतात. मुलगी दिवसभर बसून 'जी' हें एकच इंग्रजी अक्षर काढीत आहे, आणि त्यालाच म्हणे अभ्यास म्हणतात!

या अभ्यासाचें मर्म काय, आणि तो केल्यावांचून अक्षरांची खरी पारख कां येत नाहीं, हें एका प्रत्यक्ष उदाहरणानें आज सांगावयाचें योजिलें आहे. उदाहरण घेतलें आहे तें बास्करव्हिल या इंग्रजी वळणाचें. तें निवडण्यास कारणें दोन. एक तर या वळणांत छापलेलीं इंग्रजी पुस्तकें सुशिक्षित घरांतून सहज सांपडतात, व अनेक संगणकांतही तें असतें. दुसरें असें कीं, त्याच्या इतिहासांत एक प्रसंग असा घडला आहे, कीं तो ऐकल्यावर आपल्या डोळ्यांवरचा आपला विश्वास थोडा डळमळावा.

प्रथम 'वळण' या शब्दाचा खुलासा करूं. 'अ' हें अक्षर एकच. परंतु पोथी लिहिणाऱ्या शास्त्रीबोवांचें 'अ', शाळेच्या कित्त्यावरचें 'अ' आणि दुकानाच्या पाटीवरचें 'अ' हीं तीन निराळीं दिसतात. अक्षर तेंच, वळण वेगळें. सर्व वर्ण, अंक व विरामचिन्हें यांचे आकार एका प्रमाणांत, एका कुळांतले म्हणून ओळखूं यावे अशा बेतानें घडविले म्हणजे छपाईचें एक अक्षरवळण सिद्ध होतें. इंग्रजींत यास टाइपफेस असें नांव आहे. धातूच्या काळांत त्याची कृति अशी असे: पोलादाच्या कांडीच्या टोकावर कारागीर अक्षर उलटें कोरी. हा झाला मूळ ठसा. कारखान्यांत यास पंच म्हणत. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे त्यांत अक्षराची खोलगट आकृति उठे. त्या आकृतीवर शिशाच्या मिश्र धातूचा रस ओतला कीं खिळा तयार होई. खिळे झिजत, मोडत व पुन्हां ओतले जात. पण पोलादी ठसे नीट संभाळले तर शतकानुशतकें टिकत. या ठशांच्या प्रवासाची हकीकत पुढें येणार आहे, म्हणून एवढी कृति ध्यानांत ठेवावी.

जॉन बास्करव्हिल हा इंग्लंडांतील वुस्टरशर परगण्यांत वुल्व्हर्ली नांवाच्या गांवीं अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जन्मला. बर्मिंगहॅम शहरीं येऊन त्यानें आरंभीं सुंदर हस्ताक्षर शिकविणाऱ्या पंतोजीचा व्यवसाय केला. कित्ते गिरवून घेण्यांत ज्यांची हयात गेली, त्या आम्हां शाळामास्तरांस या गोष्टीचा थोडा अभिमान वाटला तर श्रोत्यांनीं क्षमा करावी! शिकवणीच्या जोडीला थडग्यांच्या शिळांवर अक्षरें कोरण्याचें कामही तो करी. त्या कामाची जाहिरात म्हणून निरनिराळ्या वळणांत कोरलेली त्याची एक दगडी पाटी बर्मिंगहॅम येथें अद्याप जतन करून ठेविलेली आहे. पुढें तबकें, पेट्या वगैरे वस्तूंवर जपानी धर्तीचें चकचकीत रोगण चढविण्याचा कारखाना काढून त्यानें पुष्कळ द्रव्य मिळविलें. आणि माणसें जेव्हां मिळविलेल्या धनावर स्वस्थ बसूं पाहतात, त्या वयांत, म्हणजे १७५० च्या सुमारास, हा गृहस्थ खिळे घडविण्याच्या खटाटोपांत पडला. जॉन हँडी नांवाचा ठसे कोरणारा कारागीर त्यानें हाताशीं धरला. आकाराची कल्पना एकाची, छिन्नी दुसऱ्याची. अनेक वर्षें प्रयोगांत घालविल्यावर त्याचें पहिलें पुस्तक, रोमन कवि व्हर्जिल याच्या काव्यांची आवृत्ति, १७५७ सालीं प्रसिद्ध झालें. पुढच्याच वर्षीं मिल्टनच्या काव्याची आवृत्ति निघाली, केंब्रिज विद्यापीठानें त्यास आपला मुद्रक नेमिलें, आणि तेथें १७६३ सालीं त्यानें छापलेलें भव्य आकाराचें बायबल ही त्याची श्रेष्ठ कृति मानली जाते.

हें चरित्र आपली तोंडओळख व्हावी म्हणून सांगितलें. विद्यार्थ्यानें मात्र चरित्रापासून आरंभ करूं नये. अगोदर माहिती वाचली म्हणजे डोळा तिच्या मागोमाग चालूं लागतो आणि माहितींत असेल तेवढेंच त्यास दिसतें. म्हणून पहिल्या आठवड्यांत पुस्तक नको, टीप नको. बास्करव्हिलमध्यें छापलेलें एक पान, एक भिंग, शिसपेन्सिल आणि कोरे कागद एवढेंच जवळ असावें.

त्या पानावर काय दिसतें? मोठ्या लिपींतील 'क्यू' घ्या. त्याचें शेंपूट खालीं उतरून उजवीकडे असें ऐटीनें पसरतें, कीं शेजारच्या अक्षराच्या पायाखालीं जणु गालिचा अंथरला आहे. 'जे' ओळीवर न थांबतां ओळीच्या खालीं उतरतो. 'ई' च्या तीन आडव्या भुजांपैकीं खालची वरच्या भुजेपेक्षां स्पष्टपणें लांब आहे. 'सी' ला वर आणि खालीं अशा दोन्हीं टोकांस अंकुश आहेत. 'डब्ल्यू' च्या मधल्या शेंड्यावर आडवी रेघ नाहीं. तो सुईसारखा मोकळा सुटला आहे. आणि लहान लिपींतील 'जी', जिच्यापायीं घरांत एवढा गहजब झाला, तिचा वरचा गोल पुरा आहे, पण खालचा गोल मिटत नाहीं. तो थोडा उघडा राहतो. वाचतांना हजारों वेळां आपण हें अक्षर पाहिलेलें असतें. परंतु तो गोल उघडा आहे कीं मिटलेला, असें कोणीं विचारल्यास शंभरांतील एकालाही सांगतां येणार नाहीं. वाचणारा डोळा अर्थाच्या मागें धांवत असतो. आकार त्याच्या हातून निसटतो. आकार धरून ठेवावयाचा तर हातानें तो काढलाच पाहिजे. मुलगी दिवसभर काढीत बसली होती ती एवढ्याचसाठीं.

हातानें काढूं लागलें म्हणजे दुसरी गोष्ट ध्यानांत येते. लहान लिपींतील 'ओ' हा नुसता वाटोळा नाहीं. त्याच्या बाजू जाड आणि माथा व तळ बारीक आहेत. बास्करव्हिलच्या आधीं इंग्लंडांत ज्याच्या खिळ्यांचा सर्वत्र प्रसार होता त्या विल्यम कॅझ्लनच्या 'ओ' मध्येंही जाडबारीकपणा आहे; पण तेथें बारीक जागा किंचित् तिरप्या पडतात, तर बास्करव्हिलच्या 'ओ' मध्यें त्या जवळजवळ नेमक्या वर व नेमक्या खालीं येतात. हा फरक लेखणीनें केला आहे. आपल्याकडे तिरपी टांक कापलेला बोरू ज्यांनीं चालविला असेल, त्यांना हें सांगावयास नको कीं, रेघेचा जाडपणा मनाच्या लहरीवर नसून टांकेच्या कापावर व हाताच्या कोनावर अवलंबून असतो. जुन्या रोमन अक्षरांस रुंद टांकेची, तिरपी धरलेली लेखणी माहीत होती. म्हणून त्यांचा कल तिरपा. बास्करव्हिलच्या काळच्या हस्ताक्षर-पंतोजींची लेखणी टोकदार व लवचिक. हात खालीं येतांना दाब पडून रेघ भरे, वर जातांना ती केसाएवढी होई. तोच अभ्यास त्याच्या हाताच्या अंगवळणीं पडला होता. तेव्हां हा जाडबारीकपणा त्यानें कोठून उसना आणलेला नाहीं. शिकवणीच्या खोलींत मुलांकडून जी अक्षरें तो गिरवून घेई, त्यांचा संस्कार पोलादांत उतरला आहे.

येथवर आकार झाला. आतां विद्यार्थ्यानें विचारावयाचा पुढचा प्रश्न असा कीं, हा आकार कागदावर उतरला कसा? त्या काळचा कागद तारांच्या चाळणीवर बनवीत व तारांच्या रेघा त्याच्या अंगावर उमटलेल्या असत. असा खरबरीत कागद ओला करून खिळ्यांवर दाबला म्हणजे नाजूक रेघ कोठें तुटे, कोठें शाई पसरून फुगे. आपल्या बारीक रेघा अशा कागदावर टिकणार नाहींत, हें बास्करव्हिलनें ओळखलें. इंग्लंडांत त्या वेळीं जेम्स व्हॉटमन याच्या कारखान्यांत विणलेल्या जाळीवर काढलेला गुळगुळीत कागद निघूं लागला होता; १७५७ च्या व्हर्जिलमध्यें कांहीं भाग त्या कागदावर छापलेला आहे. छापण्याचें यंत्र त्यानें अधिक सपाट व काटेकोर करून घेतलें. शाई नेहमींपेक्षां अधिक काळीभोर सिद्ध केली. आणि छापलेले ताव तापविलेल्या धातूच्या पत्र्यांत दाबून त्यांस तकाकी आणली. पानाची मांडणीही त्यानें बदलली. त्या वेळच्या मुखपृष्ठांवर वेलबुट्टी, चौकटी व नक्षी यांची गर्दी असे. बास्करव्हिलनें ती बहुतेक काढून टाकली. मोकळा समास, ओळींत ऐसपैस अंतर आणि दूर दूर बसविलेलीं मोठीं अक्षरें, एवढ्यावर त्याचें मुखपृष्ठ उभें राहतें. पांढरा कागद हेंच त्याचें अलंकरण.

यावरून विद्यार्थ्यानें एक सिद्धांत पदरांत बांधावा. अक्षरवळण एकटें नांदत नाहीं. कागद, शाई, दाब व मोकळी जागा हे त्याचे सोयरे आहेत. तेंच वळण एकदां वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर व एकदां गुळगुळीत कागदावर छापून पाहावें. दोन्हीं पानें शेजारीं ठेवलीं असतां हीं एकाच आईचीं लेंकरें आहेत, यावर नवख्याचा विश्वास बसणार नाहीं.

एवढा खटाटोप करून या माणसास काय मिळालें? पुस्तकें पाहून कांहीं रसिक प्रसन्न झाले. पण धंद्यांतील पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. अक्षरांच्या रेघा फार बारीक, कागद फार चकचकीत, वाचणाऱ्याचे डोळे यानें जातील, अशी ओरड झाली. आणि येथेंच मघां सांगितलेला तो प्रसंग येतो. अमेरिकेचे विख्यात मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन हे स्वतः मुद्रक होते, व त्या वेळीं इंग्लंडांत राहत होते. १७६० सालीं बास्करव्हिलला लिहिलेल्या एका पत्रांत त्यांनीं ही हकीकत कळविली आहे. एक जाणते म्हणविणारे गृहस्थ त्यांच्यापाशीं बोलतांना म्हणाले कीं, बास्करव्हिलचीं अक्षरें वाचून सारें राष्ट्र आंधळें होईल. कॅझ्लनचीं अक्षरें कशीं डोळ्यांस सुखावह आहेत! फ्रँकलिननीं वाद घातला नाहीं. त्यांनीं कॅझ्लनच्याच खिळ्यांचा नमुन्याचा कागद घेतला, त्याच्या माथ्यावरील नांव फाडून टाकलें, आणि हा बास्करव्हिलचा नमुना आहे असें भासवून तो त्या गृहस्थांपुढें ठेवला व यांतील दोष दाखवा म्हणून विनंती केली. गृहस्थांनीं मोठ्या उत्साहानें एकेका अक्षरावर बोट ठेवून प्रमाण कोठें कसें चुकलें आहे तें दाखविलें, आणि हा कागद वाचतांना आपल्या डोळ्यांस प्रत्यक्ष वेदना होत आहेत असेंही सांगितलें! ज्या खिळ्यांत छापलेलीं पुस्तकें ते जन्मभर सुखानें वाचीत आले होते, तेच हे खिळे. फ्रँकलिननीं त्यांची फजिती केली नाहीं. खरी गोष्ट त्यांना सांगितली नाहीं.

श्रोते हो, या गोष्टीला आपण हंसतों. पण हंसून ती सोडून देण्यासारखी नाहीं. ते गृहस्थ खोटें बोलत नव्हते. त्यांना वेदना खरोखरच झाल्या असाव्यात. नांव ऐकून मनानें अगोदर निकाल देऊन ठेवला, व डोळ्यानें त्या निकालावर इमानानें सही केली. आजचा विद्यार्थी संगणकावर वळण निवडतो तेव्हां तरी दुसरें काय करतो? यादींतील नांव, मित्राची शिफारस, चालू टूम, यांवर मन ठरतें. आणि मग डोळ्यास तें वळण सुंदर किंवा बुरसटलेलें दिसूं लागतें. या बंधनांतून डोळा सोडविण्यास उपाय एकच: एखादें तरी वळण नांवाच्या आड न लपतां, अवयवा-अवयवानें आपल्या ओळखीचें झालें पाहिजे. ज्याच्या हातानें कॅझ्लनचा तिरपा 'ओ' आणि बास्करव्हिलचा उभा 'ओ' काढला आहे, त्याला माथ्यावरचें नांव फाडून कोणी फसवूं शकणार नाहीं.

नांवाच्या या घोटाळ्याची किंमत बास्करव्हिलच्या ठशांना मात्र भरपूर द्यावी लागली. तो १७७५ च्या जानेवारींत वारला. त्याची पत्नी सारा हिनें तें साहित्य विकावयास काढलें, तेव्हां इंग्लंडांत योग्य गिऱ्हाईक मिळालें नाहीं. अखेर १७७९ सालीं फ्रान्समधील प्रसिद्ध नाटककार बोमार्शे यानें ३,७०० पौंडांस तें खरेदी केलें. त्याला व्हॉल्तेरचे समग्र ग्रंथ छापावयाचे होते, आणि फ्रान्समध्यें व्हॉल्तेरच्या अनेक ग्रंथांवर बंदी होती. म्हणून ऱ्हाईन नदीपलीकडे जर्मन हद्दींत केल येथें छापखाना थाटून त्यानें १७८९ पर्यंत सत्तर भागांची आवृत्ति पुरी केली. बर्मिंगहॅमच्या पंतोजीनें घडविलेलीं अक्षरें अशा रीतीनें फ्रान्सच्या बंडखोर विचारवंताच्या सेवेस लागलीं. त्यानंतर ते ठसे फ्रान्समधील एका ओतकारखान्यांतून दुसऱ्यांत हिंडत राहिले, आणि मायदेशीं शंभराहून अधिक वर्षें त्यांचें विस्मरण झालें. ब्रूस रॉजर्स या अमेरिकन ग्रंथरचनाकाराची नजर १९१७ च्या सुमारास केंब्रिज येथें एका पुस्तकांतील या अक्षरांवर गेली, व त्यांचा माग काढला असतां तो पॅरिसमध्यें पोंचला. १९२३ सालीं इंग्लंडांतील मोनोटाइप कंपनीनें हें वळण आपल्या यंत्रासाठीं पुन्हां सिद्ध केलें आणि तें घरोघरीं गेलें. मूळ ठसे मात्र १९५३ सालीं परत आले. फ्रान्समधील देबेर्नी-पेन्यो या ओतकारखान्याचे शार्ल पेन्यो यांनीं ते केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयास भेट दिले.

आतां विद्यार्थी विचारील, 'मग माझ्या संगणकांत बास्करव्हिल या नांवाचीं चारपांच वळणें आहेत, त्यांपैकीं खरें कोणतें?' हा प्रश्न पडला म्हणजे अभ्यास रंगांत आला असें समजावें. त्यांतील 'बास्करव्हिल ओल्ड फेस' या नांवाचें वळण मुळांत बास्करव्हिलचें नव्हेच. त्याच्या हयातींतच ब्रिस्टलच्या फ्राय यांच्या ओतकारखान्यासाठीं आयझॅक मूर यानें त्याच्या अक्षरांची नक्कल केली, तिचें तें वंशज आहे. मोनोटाइपच्या वळणानें १७७२ सालीं छापलेल्या टेरेन्सच्या नाटकांतील मोठ्या आकाराचे खिळे पुढें ठेवून त्यांस नीटनेटकें केलें. 'लिब्रे बास्करव्हिल' हें १९४१ मधील एका अमेरिकन वळणावरून, पडद्यावर वाचण्याच्या सोयीसाठीं, लहान लिपीची उंची वाढवून तयार झालें. आणि १९९६ सालीं झुझाना लिच्को या रचनाकर्तीनें आपल्या वळणास 'मिसेस ईव्हज' असें नांव दिलें. सारा ईव्हज हें बास्करव्हिलच्या पत्नीचें त्याच्याशीं विवाह होण्यापूर्वींचें नांव. ती त्याच्या घरीं प्रथम घर संभाळणारी म्हणून आली, व १७६४ सालीं दोघांचा विवाह झाला.

या सर्वांचा वाद एका प्रश्नापाशीं येऊन थांबतो. अक्षर कोणतें मानावयाचें, पोलादावर कोरलेलें, कीं कागदावर उमटलेलें? ठशावर रेघ सुईसारखी असते; पण कितीही गुळगुळीत कागद घेतला तरी शाई किंचित् पसरून ती थोडी भरतेच. जो ठशाकडे पाहून वळण काढील, त्याचें अक्षर पडद्यावर व आजच्या निर्दोष छपाईंत टोंचूं लागतें. जो छापलेल्या पानाकडे पाहील, तो बारीक रेघेस थोडें अंग देईल. लिच्को यांनीं जाडबारीकपणांतील अंतर कमी केलें, याचें इंगित हेंच. आणखी एक गोष्ट: धातूच्या काळीं प्रत्येक आकारमानाचे ठसे स्वतंत्र कोरावे लागत, आणि लहान आकारांत बारीक रेघ पुसट होऊं नये म्हणून जाणता कारागीर ती प्रमाणापेक्षां जरा भरदार ठेवी. संगणकांत बहुधा एकच आकृति लहानमोठी करून वापरली जाते. मथळ्यास शोभणारें वळण तळटीपेंत कां आजारी दिसतें, याचा उलगडा येथें होतो.

महिन्याच्या अखेरीस विद्यार्थ्यानें आपल्या अभ्यासाची परीक्षा घ्यावी. एक गद्याचें पान, एक कविता आणि आगगाडीचें एक वेळापत्रक, अशा तीन गोष्टी त्याच वळणांत जुळवाव्या. गद्यांत तें कसें शांतपणें चालतें, कवितेंत मोकळ्या जागेशीं कसें रमतें, आणि वेळापत्रकाच्या दाटींत त्याची कशी घुसमट होते, हें आपोआप दिसेल. मग दोन पानांत, आपल्या शब्दांत, या वळणाचे गुण व अवगुण लिहावे. अवगुण लिहितां आले नाहींत तर अभ्यास कच्चा राहिला असें खुशाल समजावें, कारण केवळ स्तुति ही नांवाला वाहिलेलीं फुलें असतात. शेवटीं एखाद्या मित्राकडून कॅझ्लन, बास्करव्हिल आणि पुढच्या पिढींतील इटलीचा बोडोनी यांच्या वळणांचे तीन कागद नांवें कापून मागवावे, व कोणता कोणाचा हें कारणांसह सांगावें. फ्रँकलिनची युक्ति येथें प्रामाणिकपणें उपयोगी पडते.

कोणी म्हणेल, एका वळणांत एवढा काळ घालविला तर बाकीचीं कधीं पाहावयाचीं? याला आपल्या म्हणीनें अगोदरच उत्तर देऊन ठेविलें आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या. शिवाय अनुभव असा आहे कीं, पहिल्या वळणास महिना लागला तर दुसऱ्यास आठवडा पुरतो आणि दहाव्यास एक संध्याकाळ. कारण कोठें पाहावयाचें, काय विचारावयाचें, हें डोळा पहिल्यानेंच शिकलेला असतो.

मराठी विद्यार्थ्यास तर हाच अभ्यास आपल्या लिपीवर करण्यास उत्तम क्षेत्र मोकळें आहे. मुंबईस जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या ठशांवरून ओतलेल्या देवनागरी खिळ्यांची कीर्ति संस्कृत व मराठी ग्रंथांबरोबर दूरवर पसरली. त्या वळणाचेंही असेंच अवयवशः निरीक्षण करतां येईल. बोरूचा कल रेघेंत किती राहिला आहे? वेलांटी शिरोरेषेवरून कशी वळते? जोडाक्षरांत दुसऱ्या अक्षरास जागा करून देतांना पहिल्यानें अंग कोठें चोरलें आहे? उकार व रफार यांसाठीं ओळींत किती अंतर राखलें आहे? या विषयाकडे वळणाऱ्यास श्री. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील १९७१ सालचा त्रिखंडात्मक ग्रंथ मोठा आधार होईल.

या कामीं आपणां गृहस्थाश्रमी मंडळींचेंही थोडें साहाय्य होण्यासारखें आहे. माळ्यावरील जुन्या पुस्तकांचा गठ्ठा रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांतील एखादें पान उजेडांत धरून पाहावें, आणि छापखान्याचें नांव व साल वहींत टिपून ठेवावें. पुस्तक फाटकें असेल, मजकूर कालबाह्य असेल, तरीही त्यांतील अक्षरें कोणा कारागिरानें पोलादावर श्वास रोखून कोरलेलीं असतात. आणि घरांतील मुलगी वा मुलगा एकच अक्षर चार दिवस काढीत बसला, तर त्याच्या हातची पेन्सिल काढून घेऊं नये. शेजारीं बसून, खालचा गोल मिटला आहे कीं उघडा, एवढेंच विचारावें.